एक पायरी मागे

वकिलाच्या ऑफिसातल्या जुन्या टायपिस्टबाई काम करता करता खुर्चीतच गेल्या, आणि त्यांच्या जागी या नव्या बाई आल्या. नव्या म्हणायच्या आपल्या, वय पन्नाशी ओलांडलेलं. उभा जन्म टाइपरायटरवर गेलेला, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. पण नवरा अंथरुणाला खिळलेला, घर यांच्याच पगारावर चाललेलं. वकीलसाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आजचा करारनामा संध्याकाळी अशिलाच्या हातात पडला, तर तुमची नोकरी पक्की. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

म्हणून भाचीला फोन लावून, तो टेबलावर चालू ठेवून, बाई शिकत शिकत टाइप करत होत्या. दुपार कलली होती. साहेब कोर्टात, ऑफिसात दुसरं कुणी नाही. समोरच्या भिंतीवर जुन्या बाईंचा फोटो. पाठीमागचा कोपरा रिकामा. तिथं जुन्या बाईंचं टेबल आणि मशीन असायचं, ते त्यांच्यामागे भंगारात गेलं.

"झालं गं बाई शेवटचं पान!"

"शाब्बास मावशी! आता सगळं सिलेक्ट कर. कंट्रोल आणि ए. मग अक्षर मोठं करू."

सगळा मजकूर निळा झाला. बाईंनी सवयीनं अंगठा स्पेसबारवर टेकवला. मशीनवर सगळेच टायपिस्ट तसा टेकवतात, मशीनचं काही बिघडत नाही. इथं मात्र अख्खा करारनामा गडप झाला. बाईंचं धाबं दणाणलं. दिसेल ते बटण त्यांनी बडवलं.

"अगं, सगळं गेलं!"

"सेव्ह केलं होतंस ना?"

"ते आणि काय असतं? कागदावर उमटलं की उमटलं, एवढंच मला ठाऊक."

भाची हसली. "घाबरू नकोस. कंट्रोल आणि झेड. दर वेळी एक पायरी मागे जातं. मजकूर येईपर्यंत दाबत राहा."

बाईंनी दाबलं. पान पांढरंच. पण शेजारच्या कपात केव्हाचा निवलेला, साय धरलेला चहा... त्यातून वाफ निघत होती.

भास असेल, म्हणून पुन्हा दाबलं. भिंतीवरचा फोटो नाहीसा झाला. खिळाही नव्हता, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

"पोरी... इथं काहीतरी..."

"आला का मजकूर?"

"नाही."

"मग दाब की!"

बाईंच्या डोळ्यांपुढं अंथरुणातला नवरा आला. त्यांनी डोळे मिटून दाबलं. मागच्या कोपऱ्यातून टाइपरायटरच्या शाईच्या फितीचा वास आला. मग कुणीतरी घसा खाकरला. अगदी जवळ.

मागे वळून बघायचं नाही, एवढंच बाईंना कळत होतं. पान अजून पांढरंच होतं. एवढं झाल्यावर आता थांबायचं तरी कसं? त्यांनी आणखी एकदा दाबलं.

करारनामा परत आला, पहिल्या ओळीपासून सहीच्या जागेपर्यंत. आणि पाठीमागे टाइपरायटर खडखडू लागला.

"आला..." बाई कशाबशा पुटपुटल्या.

"आता आधी सेव्ह कर! कंट्रोल आणि एस. एकदा पक्कं झालं की मग चिंता नाही."

बाईंनी सेव्ह केलं. फोन मुका झाला.

तेवढ्यात दार उघडलं. साहेब आत आले आणि सरळ मागच्या कोपऱ्याकडे गेले.

"बाई, करारनामा झाला?"

"झाला साहेब." मशीनमधून कागद ओढून काढल्याचा आवाज आला.

साहेब वळले, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष नव्या बाईंकडे गेलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आपण कोण? काही काम होतं का?"

नव्या बाईंनी स्क्रीनवरच्या करारनाम्याकडे बोट दाखवलं.

"असू द्या साहेब," मागून जुन्या बाई शांतपणे म्हणाल्या. "ओळखते मी त्यांना. माझ्यानंतर यायच्यात त्या... जरा लवकर आल्या, एवढंच."