एकशे तीस वॅट

नागपूरच्या त्या भूजल-नकाशा कार्यालयात रोज सकाळी दारातल्या फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची त्या दिवसाची जागा उमटत असे. चाळीस जणांच्या नावापुढे ‘मोठं दालन’. रमाकांत वांदिलेच्या नावापुढे मात्र तीन वर्षं एकच शब्द येत होता : ‘उत्तरकक्ष’.

उत्तरकक्ष म्हणजे इमारतीच्या टोकाची गार, एका टेबलाची खोली. सुरुवातीला रमाकांत डबा घेऊन दालनात जाई. पण तिथल्या गप्पा सकाळपासून रंगलेल्या असत. त्याला मधूनच कुठे शिरावं ते उमगेना. आठवडाभरात त्याने जाणं सोडलं. आई गेल्यापासून घरीही बोलायला कोणी नव्हतं. लोकांना आपण नकोसे आहोत, असं त्याने मनाशी धरून टाकलं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी फलकावर उमटलं : रमाकांत वांदिले, मोठं दालन.

त्याने दोनदा वाचलं. दालनात शिरताच शेजारच्या टेबलावरची निलोफर शेख त्याच्याकडे बघून हसली. “या की सर! इतके दिवस कुठे होते तुम्ही? आणि मे महिन्यात स्वेटर?”

“थोडी थंडी वाजते आजकाल,” तो ओशाळून म्हणाला.

दुपारी निलोफरने त्याच्या पोळीवर कैरीचं लोणचं वाढलं. त्याने गोदावरीच्या जुन्या पात्राचा एक किस्सा सांगितला आणि सहा माणसं हसली. आपल्या बोलण्याला माणसं हसतात, हे तो विसरूनच गेला होता. पंधरा दिवस असेच गेले. सकाळी उठताना अंग जड वाटे, चेहरा सुजलेला असे. तरी तो सगळ्यांच्या आधी कार्यालयात हजर होई.

पण हे झालं कसं, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. शेवटी तो तळघरात डॉ. हेमांगी बोरकुटेंकडे गेला. इमारतीची तापव्यवस्था त्यांनीच आखली होती.

“वांदिले सर, ही शून्य-ऊर्जा इमारत आहे,” हेमांगी म्हणाल्या. “वीज खाणारी वातानुकूलन यंत्रं इथे परवडत नाहीत. रात्री जमिनीखालच्या नळ्यांतून पाणी गार होतं आणि दिवसभर ते छतातून फिरतं. रात्री साठवलेला गारवाच दिवसभर पुरवायचा. म्हणजे हाताशी एकच गोष्ट उरते.”

“कोणती?”

“माणसं कुठे बसवायची, ही. बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याला आम्ही देहताप म्हणतो. छतातले तापनेत्र तो मोजतात आणि आसनयोजक नावाची संगणकप्रणाली रोज जागा ठरवते. एकशे तीसच्या वर गेलेला माणूस दालनाच्या छताला पेलत नाही.”

“आणि माझा?”

त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. “तीन वर्षं एकशे अठ्ठेचाळीस. अख्ख्या कार्यालयात सर्वांत जास्त.”

रमाकांतला आता उलगडलं. तीन वर्षं त्याला कोणी टाळलं नव्हतं. इमारतीने फक्त एक वजाबाकी केली होती.

“मग आता?”

“आता एकशे सोळा.” हेमांगींचा आवाज उतरला. “सर, देहताप असा आपोआप उतरत नाही. थंडी वाजते? थकवा येतो? आजच डॉक्टरांना दाखवा.”

रक्ततपासणीत गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचं निघालं. “घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले. “रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. दोन-तीन महिन्यांत शरीर पहिल्यासारखं तापायला लागेल. पण गोळी चुकवायची नाही, चुकवली तर हृदयावर ताण येतो.”

रमाकांत रोज गोळी घेऊ लागला. हेमांगींनी त्याचा देहताप त्याच्या ओळखपत्रावर दिसेल अशी सोय करून दिली होती. एकशे अठरा. एकशे बावीस. सूज उतरली, पायात बळ आलं. एकशे सत्तावीस झाला त्या दिवशी निलोफर म्हणाली, “सर, पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा वाढदिवस इथेच करायचाय. केक तुम्ही कापायचा तिच्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखपत्रावर आकडा एकशे अठ्ठावीस होता. त्याने गोळी तळहातावर घेतली. मग सुरीने तिचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा परत डबीत ठेवला.

महिन्याभराने जेवणाच्या सुट्टीत हेमांगींचा फोन आला.

“वांदिले सर, तुमचा आकडा किती दिवस झाले एकशे अठ्ठावीसवरच अडलाय. एव्हाना एकशे चाळीसच्या पुढे जायला हवा होता. औषध लागू पडत नाहीये का?”

टेबलाभोवती सहा जण डबे उघडून थांबले होते. मधली खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती.

“पडतंय ना, मॅडम,” रमाकांत हळूच म्हणाला. “मला हवं तेवढं पडतंय.”