बुधवारचं जेवण

आधीच सांगते, मला भुताखेतांचं वेड नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. थापा मारणारं पोर मी चेहऱ्यावरून ओळखते. मग मी स्वतः कशाला थाप मारू?

ही घटना माझ्या वडिलांच्या बाबतीत घडली. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

साल १९४४. मार्गशीर्षातला बुधवार. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून तिथे राहतात.

आणि हो, रात्र नव्हती. भर दुपार होती. स्वच्छ ऊन पडलं होतं...

आबा वाईचे. लग्न व्हायचं होतं. त्या गावात शाळेवर एकटेच मास्तर. शाळा म्हणजे भैरोबाचं देऊळ. पोरं गुरांमागे गेलेली असायची. आबा रानात जाऊन एकेकाला धरून आणायचे, तोवर आधी आणलेली दोघं पसार व्हायची. पगार कधी यायचा, कधी नाही. वर लोक ऐकवायचे, "मास्तर, शिकून आमचं पोर काय मामलेदार हुनार हाय व्हय?"

कितीदा तरी आबांनी वळकटी बांधली आणि पुन्हा सोडली.

मग एके दिवशी कोंडीबा धनगराची पोरगी हरणी देवळाच्या घंटेखाली थांबली. घंटेवर ती देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. पिढ्यान् पिढ्या गाव ती घंटा वाजवत आलं होतं. वाचली कुणीच नव्हती.

हरणीने मान वर करून वाचलं, "अ... र्जु... ना."

शेजारी उभ्या कोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवं मास्तर, हिच्यावर नाव हाय हे आमास्नी ठावंच न्हवतं!"

त्या दिवसापासून आबांनी वळकटीला हात लावला नाही.

गावाने मास्तरला वार लावून दिले होते. म्हणजे सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुणी दुधाची वाटी पुढे करायचं, कुणी तव्यावरची भाकरी. आबांना वाटायचं, आपल्याला गावभर आया मिळाल्या.

फक्त बुधवार कुणीच घेत नव्हतं.

विचारलं की बायका चुलीकडे बघायच्या. "बुधवारी न्हाई जमायचं, मास्तर." बास, एवढंच. आबा फुटाणे खाऊन दिवस काढायचे.

आणि दर बुधवारी, दुपारी, देवळात काहीतरी व्हायचं.

पाढे चालू असायचे. मधेच पोरं गप्प व्हायची. सगळी एकदम.

मग आवाज यायचा...

वहाणांचा. करकर... करकर... कोपऱ्यातल्या खांबापासून दारापर्यंत.

दिसायचं कुणीच नाही. पण पोरांच्या माना त्या आवाजाबरोबर वळत जायच्या. दाराशी आवाज थांबायचा. मग पाढे पुन्हा सुरू.

आबांनी लालासाहेबांना विचारलं. गावात त्यांचा शब्द चालायचा. "माझ्या आधीचे मास्तर कुठे गेले?"

"बदली झाली," लालासाहेब म्हणाले, आणि पान लावायला लागले.

मग तो बुधवार आला.

सकाळी आबा देवळात गेले आणि चकित झाले. सगळी पोरं आधीच येऊन बसली होती. ओळीत. आणायला जावं लागलं नाही. कुणी खोकलं नाही, कुणी कुणाला चिमटा काढला नाही, पाणी प्यायला कुणी उठलं नाही. विचारावं त्याचं उत्तर बरोबर. आबा म्हणायचे, "तसा वर्ग मला पुन्हा कधी मिळाला नाही गं. वाटलं, चीज झालं कष्टांचं."

दुपारी लालासाहेब स्वतः आले. पायरीवर उभे राहिले, आत बघितलं...

आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मास्तर... आज आमच्याकडं जेवाय या. गोडाचं केलंय." एवढं बोलून ते जवळजवळ पळालेच.

आबांना काय वाटलं असेल? बुधवार! अखेर गावाने त्यांना पुरतं आपलं मानलं होतं. ते उठले. उपरणं झटकलं. दाराशी आले...

वहाणांचा आवाज आला. करकर... करकर...

या वेळी तो दाराकडे जात नव्हता. दाराकडून आत येत होता. आबांच्या समोर येऊन थांबला.

आणि मागून सगळी पोरं एकसुरात म्हणाली, "मास्तर, जाऊ नगा."

आबा वळले. पहिल्या ओळीत हरणी उभी होती.

"आदीच्या मास्तरास्नी बी बुधवारीच जेवाय बोलवलं हुतं, लालासाहेबांनी. त्यांचा भाऊ भूमिगत हुता. त्याला वाचवाय मास्तरांचं नाव सांगितलं. ताटावरनं उठवून न्हेलं पोलिसांनी. कोठडीतनं परत आलं न्हाईत. भावाच्या मागं पोलीस परत लागल्यात, आज तुमची पाळी हाय."

आबा मागच्या खिडकीतून उतरले ते थेट रानात. वरच्या कड्यावरून त्यांनी खाली बघितलं. लालासाहेबांच्या परड्यात खाकी कपडे दिसत होते. आणि सोप्यावर ताट मांडलेलं होतं.

अनवाणी चालत ते वाईला पोचले. पुन्हा त्या गावात पाऊल टाकलं नाही. त्यानंतर कुणाच्या घरी जेवलेही नाहीत. माझ्या सासरीसुद्धा नाही. लोकांना वाटायचं, म्हातारा सोवळ्याचा आहे. सोवळं कसलं? त्यांना घास उतरायचा नाही.

"गावाने दगा दिला," ते म्हणायचे, "पण माझ्या पोरांनी नाही दिला. मास्तरला आणखी काय पाहिजे?"

पुढे माझी बदली मेढ्याच्या बाजूला झाली, तेव्हा मी हरणाबाईंना शोधून काढलं. केस पिकले होते. आबांचं नाव काढताच त्या रडायला लागल्या. मी हात धरला. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत म्हणून आबा वाचले."

त्यांनी हात काढून घेतला.

"मी? मी न्हाई गं बाय, मी कुटं सांगितलं? आदल्या सांजंलाच लालासाहेबांनी घरोघरी निरोप धाडला हुता. उद्या पोरं शाळंत धाडू नगा. आमच्या बानं मला गोठ्यात कोंडलं हुतं. समद्यांनीच आपापली पोरं कोंडली हुती."

मी पुन्हा विचारलं, "देवळात एकही पोर नव्हतं?"

"त्या दिशी देवळात कोनच न्हवतं, बाय. आमाला वाटलं, मास्तरास्नी न्हेलं."

म्हणजे एकूण एक घराला माहीत होतं. ज्यांनी दूध दिलं त्यांनाही. हरणी वाचायला शिकली म्हणून रडणाऱ्या कोंडीबालाही.

माहेरी आले तेव्हा आबा ओसरीवर वाट बघत होते. "भेटली हरणी? सांगितलंस ना तिला, आबा तुझी रोज आठवण काढतात म्हणून?"

मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेले.

आबा त्याच समाधानात गेले. पण माझ्या मनातून ते जात नाही. त्या सकाळी माझ्या बापाने जीव ओतून कुणाला शिकवलं? मी बुधवारी वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहायची. मागे पोरं फार गप्प झाली की हातातला खडू थांबायचा. वळून बघायला मला दर वेळी थोडा वेळ लागायचा.