सतरा नंबरचं घर

तराफा बांधायचा तर बांबू हवेत, आणि बांबू मावशीच्या वाळवणाच्या मैदानावर मिळतात, म्हणून तिघं सकाळीच तिकडे निघाली. पुढे ठिणगी. वय बारा, पण कधी भडकेल याचा नेम नाही, म्हणून हे नाव पडलेलं. तिच्या मागे सुट्टीसाठी शहरातून आलेला मामेभाऊ. दिसेल ते मोजायची खोड, म्हणून तो मोजपट्टी. आणि दोघांच्या मागे ठिणगीची नऊ वर्षांची बहीण शेपूट. 'तू घरी थांब' एवढं एक वाक्य तिला कधी ऐकूच येत नसे.

मैदानावर दोन माणसं चुन्याच्या रेघा मारत होती. वस्तीतल्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन कडेला उभ्या होत्या. भरपूर वारा आणि दिवसभर ऊन मिळेल अशी वस्तीत तेवढी एकच जागा. सगळी मासळी तिथेच सुकायची.

मोजपट्टीने दोन रेघांमधलं अंतर पावलांनी मोजलं. "एक मोटार उभी राहील एवढी जागा आहे ही," तो म्हणाला.

खरंच तसं होतं. तिथे पाहुण्यांच्या मोटारींसाठी गाडीतळ होणार, असं चुनेवाले म्हणाले. किनारा विकास पथकाची योजना आहे, येत्या गुरुवारी पथकाच्या मोठ्या मॅडम येऊन कामाला सुरुवात करणार. मावशीने विचारलं, कुणाला विचारून? तुम्हालाच विचारून, ते म्हणाले. वस्तीतल्या प्रत्येक घराची संमती आहे.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशी काहीच बोलली नाही. तिने टोपली उचलली आणि ती घराकडे चालू लागली. तिचं ते गप्प राहणं बघूनच ठिणगीचं डोकं फिरलं. तराफा बाजूला राहिला आणि तिघं पथकाच्या कार्यालयात गेली.

कार्यालय म्हणजे धक्क्यावरचं जाळ्यांचं जुनं गोदाम. किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये लोक काय काम करतात, त्यांना काय कमी पडतं, हे विचारून नवे रोजगार उभे करायचे, हे पथकाचं काम. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर त्यांचा अहवाल लावलेला होता. रोज शंभर माणसं त्याच्यासमोरून जात, पण इतक्या बारीक अक्षरांकडे कोण बघतो? मोजपट्टीने मात्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चौसष्ट घरं, चौसष्ट संमती, सगळ्या एकाच दिवशी. सतरा नंबरच्या घरापुढे लिहिलं होतं: 'मासळी सुकवणे सोडून गाडीतळावर शोभेच्या शिंपल्यांचे दुकान टाकण्याची इच्छा.'

सतरा नंबर म्हणजे मावशीचं घर.

"आत्या आणि शिंपल्यांचं दुकान?" मोजपट्टीला हसू आलं. ठिणगीला आलं नाही.

तेवढ्यात शेपटाने तारखेवर बोट ठेवलं. "या दिवशी तर मी वर्गात बाकावर झोपले होते."

तो वादळाचा दिवस होता. वादळ येणार म्हणून सगळी वस्ती घरांना कुलपं लावून टेकडीवरच्या शाळेत जाऊन राहिली होती, चांगली तीन दिवस. मग त्या दिवशी घरोघरी जाऊन विचारलं कुणाला?

अहवालाखाली सर्वेक्षण करणाऱ्या साहेबांचं नाव होतं आणि साहेब समोरच्याच टेबलामागे बसले होते. ठिणगीने सरळ जाऊन विचारलं. तारीख टाइप करताना चुकली असेल, साहेब म्हणाले. त्यांनी फायलीतून मान वर काढली नाही.

"मी प्रत्येक दारात बसलो आहे. घरन्घर माझ्या पायाखालचं आहे. जा, खेळा. सुट्टी आहे ना?" असं म्हणून त्यांनी ठिणगीच्या डोक्यावर थोपटलं. हे त्यांनी करायला नको होतं.

बाहेर येईपर्यंत ठिणगीचे कान लाल झाले होते. गुरुवारी सगळ्यांसमोर ओरडून सांगते, ती म्हणाली. मोजपट्टीने तिला थांबवलं. "तू ओरडलीस की ते म्हणणार, पोरंच ती. आधी पुरावा हवा."

पुढचे दोन दिवस तिघं दारोदार फिरली. कुणी विचारायला आलं होतं का? प्रत्येक घरात एकच उत्तर, नाही. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी वादळाच्या वेळी कोण कुठल्या वर्गात राहिलं त्याची वही ठेवली होती. ती घेऊन गुरुवारी येते, असं त्यांनी कबूल केलं. पण खरी युक्ती सुचली ती मोजपट्टी वाटेत हरवला म्हणून. चाळीस नंबरच्या शेजारी त्याला सतरा दिसला, पुढे एकदम नऊ. वस्तीत घरं जशी बांधली गेली तसे नंबर पडले होते, रांगेचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. एकदा फिरलेल्या माणसालाच ते कळणार. तो धापा टाकत परत आला तेव्हा ठिणगी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

गुरुवारी मोठ्या मॅडम मोटारीतून उतरल्या. ठिणगी पुढे गेली. राग गिळून इतक्या गोड आवाजात बोलायचं तिला फार जड गेलं.

"मॅडम, सतरा नंबरच्या घराने शिंपल्यांचं दुकान मागितलंय. ते घर बघाल का? साहेब दाखवतील. त्यांना घरन्घर माहीत आहे."

मॅडमना कल्पना आवडली. साहेबांना नाही म्हणता येईना. ते पंधरा नंबर शोधून, दोन घरं पुढे सतरा असणारच म्हणून ऐटीत निघाले. पुढे बावन्न आला, मग तीस. साहेब डावीकडे वळले, परत उजवीकडे. मागून वस्तीतल्या बायका एक शब्द न बोलता चालत होत्या. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गल्लीच संपली. साहेबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

मुख्याध्यापक बाईंनी वही पुढे केली. मॅडमनी तारीख बघितली, अहवाल बघितला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या दारात बसला होतात?"

मुदत संपत आली होती, साहेब पुटपुटले. आणि अशा ठिकाणी सगळीकडे लोक साधारण हेच मागतात.

आता मात्र ठिणगीला राहवलं नाही. "सगळीकडे म्हणजे कुठे? माझी मावशी सगळीकडे राहत नाही. ती इथे राहते. तुम्ही तिचं काम तिच्याकडून काढून घेतलंत, आणि तेही तिच्याच नावाने!"

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "लिहिलं यांनी, पण खाली सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी न विचारता केली." गाडीतळ रद्द, हे त्यांनी तिथेच जाहीर केलं. साहेबांना त्यांनी कार्यालयात जाऊन झाला प्रकार स्वतःच्या हाताने लिहून द्यायला सांगितलं. मग त्या मुलांकडे वळल्या. माझ्या अख्ख्या पथकाने करायचं काम तुम्ही तिघांनी केलंत, असं म्हणून त्यांनी तिघांची पाठ थोपटली.

ठिणगीचा राग काही तेवढ्याने गेला नाही. "शाबासकी राहू दे," ती म्हणाली. "आता तरी विचारा."

तिने हाताला धरून मॅडमना सतरा नंबरच्या घरी नेलं. मावशीने चटई टाकली. मॅडमनी कोरा कागद काढला आणि विचारलं, तुम्हाला काय हवं आहे?

मावशी आधी अडखळली. मग म्हणाली, मासळी जमिनीवर ओली राहते, उंच मांडव हवेत. मग म्हणाली, मांडवाशेजारी नळ हवा. टोपल्या डोक्यावरून वाहून माना गेल्या, हातगाडी जाईल एवढी वाट हवी. आणि माल आमचा, तर भाव आम्ही ठरवू. ती बोलतच राहिली. आपली मावशी इतकं बोलू शकते हे ठिणगीला माहीतच नव्हतं. पहिला कागद भरला, दुसरा भरला. दारात बाकीच्या बायका आपापली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या, आणि मॅडम मोजपट्टीकडे आणखी कागद मागत होत्या.