परत केलेल्या विटा

लग्नाला दोन महिने झाले होते आणि सासरची एकच गोष्ट सूयुनला मनापासून आवडली होती: निजायचा नवा ओटा. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरून बाहेर जायचा आणि वरच्या विटा दिवसभर कोमट राहायच्या. सासूबाई स्वतः पलीकडच्या खोलीतल्या जुन्या ओट्यावर निजत. नवा त्यांनी जोडप्याला दिला होता आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत.

"विटा फुकटच्या होत्या, पण वाहिल्या मी," त्या म्हणत. "तुझ्या नवऱ्याने नुसत्या मोजल्या."

विटा गावाबाहेरच्या जपानी तळाच्या होत्या. युद्ध हरल्यावर पळताना जपान्यांनी तो सुरुंगाने उडवला. मग बर्फ पडायच्या आत अख्ख्या गावाने तो थोडाथोडा घरी आणला.

थंडी वाढली तसं सूयुनच्या एक गोष्ट लक्षात आली. चुलीत ज्वारीची धाटं कितीही सारली तरी ओट्याची नवऱ्याच्या, योंगफूच्या बाजूची, एक माणूस मावेल एवढी जागा तापतच नव्हती.

"तुझेच पाय गार असतील," योंगफू हसला.

तो नाक्यावरच्या खानावळीत हातशेवया ओढायचा. पीठ त्याच्या बोटांत रेशमासारखं लांबायचं. पण त्या आठवड्यात शेवया तुटू लागल्या. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही ना... तेच तर. मालक म्हणाला, दोन दिवस बघतो, नाहीतर दुसरा माणूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्यावर शिवत बसली होती. घर शांत होतं, चूल धुमसत होती, धाटांचा गोडसर वास पसरला होता. तेवढ्यात खालून आवाज आला. टक्... वाळल्या लाकडावर छडी मारावी तसा. मग शांतता. मग पुन्हा... टक्.

"उंदीर असेल," सासूबाई म्हणाल्या.

"उंदीर मध्ये थांबून ऐकत नाहीत, आई."

धुराची वाट तुंबली असेल म्हणून त्यांनी गुओकाकांना बोलावलं. हे शेजारचे म्हातारे गवंडी जपान्यांच्या तळावर वेठबिगार होते. त्यांनी त्या गार जागेवर हात ठेवला.

"या विटा कुठल्या कोपऱ्यातल्या?"

"मागच्या. गुळगुळीत होत्या, म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी हात उचलून घेतला. बराच वेळ ते तो चोळत राहिले.

"तळावरच्या कैद्यांना जपानी ओंडके म्हणायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "हात ओले करून थंडीत उभं करायचे. मग डॉक्टर छडीने हातावर मारून ऐकायचा... लाकडासारखा वाजला की मागच्या कोपऱ्यातल्या त्या खोलीत न्यायचे. कुठल्या पाण्यात वितळतो, किती मांस गळतं, सगळं लिहून ठेवायचे. त्यांच्या सैनिकांना कामाला यावं म्हणून. पाणी मी भरायचो. मला वाटायचं, कपडे धुवायला असेल."

काका गेले, सासूबाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. त्या परत आल्या तेव्हा सुनेने पहारीने ओटा फोडायला घेतला होता.

"भर हिवाळ्यात? मरायचंय का सगळ्यांना?"

"तुमच्या मुलाचा हात जाईल, आई."

उघड्या पडलेल्या धुराच्या वाटेकडे सासूबाईंची नजर गेली. सगळीकडे काजळी. फक्त त्या जागेच्या विटांना आतून पांढरं हिम धरलेलं, आणि हिमावर तळव्यांचे ठसे. काही तळव्यांना बोटं नव्हती.

त्यांनी बाह्या सरसावल्या.

काढलेल्या विटा अंगणात ठेवल्या असत्या तर संध्याकाळच्या आत कुणीतरी उचलून नेल्या असत्या. म्हणून गुओकाकांचं गाढव बर्फगाडीला जुंपून दोघी तळावर गेल्या. तिथे अजूनही बायामाणसं विटा उकरत होती.

"काय गं, पसंत नाही पडल्या?" एकीने हाक मारली.

"सुनेला माहेरच्या हव्यात," सासूबाई म्हणाल्या.

"या कोपऱ्यातल्या नेऊ नका," सूयुनने सांगितलं. ती बाई हसली आणि उकरत राहिली.

विटा नीट रचून झाल्यावर सासूबाईंनी वाकून नमस्कार केला. "इथे नका राहू, बाबांनो," त्या पुटपुटल्या. "चला आता... घरी चला."

योंगफू त्यांना गावाच्या वाटेवर सामोरा आला. लांबूनच हात वर करून दाखवत होता. बोटं गुलाबी झाली होती. सूयुनने ती दोन्ही हातांत धरली आणि पहिल्यांदाच, सासूसमोर, रडली.

"पुरे, लोक बघतील," तो लाजून म्हणाला. मग गाढवाकडे वळला. "हे एवढ्या धापा का टाकतंय? गाडी तर रिकामी आहे."

सूयुनने मागे वळून पाहिलं. ताज्या बर्फात गाडीचे चर शेजारी शेजारी उमटले होते, जातानाचे आणि येतानाचे. येतानाचे जास्त खोल होते.