कारणाचा रकाना

गुरम्मा तपासणीच्या चौकटीतून गेल्या आणि चौकट वाजली. मागे येऊन पुन्हा गेल्या... पुन्हा वाजली. सोलापूरबाहेरच्या त्या वॉटर पार्कच्या गेटवर एप्रिलच्या उन्हात पन्नासेक माणसं ताटकळली होती. त्यांची लेक शिवलीला मागेच होती; तिचे दोन भाचे तिची ओढणी ओढत होते. कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा आधीच टेबलावर काढून घेतला होता.

"मावशी, ती डबी ट्रेमध्ये ठेवा," गेटवरचा तरुण म्हणाला. छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव होतं – सिद्धांत. "मिसरी आत चालत नाही."

गुरम्मांनी गळ्यातली चांदीची डबी पदराखाली घट्ट धरली.

"मिसरी?" शिवलीला म्हणाली. "आईचं इष्टलिंग आहे त्यात. ते अंगावरून उतरवत नाहीत. आणि तुम्ही ते चपलांच्या ट्रेमध्ये –"

टेबलावरच्या तक्रारवहीत शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात तिनं तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली.

सिद्धांतचा चेहरा उतरला. पण वाजलेली वस्तू उघडून बघायची, हा नियम होता. क्षणभर विचार करून त्यानं टोपी काढली, बूट काढले आणि तापल्या फरशीवर उभं राहून विनंती केली : मावशींनी स्वतःच उघडावी, तो लांबूनच बघेल. गुरम्मा त्याच्या खुर्चीवर टेकल्या. डाव्या तळहातावर त्यांनी डबी उघडली. त्यानं हात जोडले.

"या, मावशी. माझं चुकलं."

त्याच्या फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. शिवलीलाला तो दिसला... आणि राग धरून ठेवणं अवघड झालं.

दुपारी जेवायला सगळे बाहेर लिंबाखाली बसले. डबा सिद्धांतनं सावलीत ठेवला होता. त्यालाही भाकरी दे, असं गुरम्मांनी लेकीला सांगितलं. ती द्यायला गेली आणि तक्रारीचं पुढं काय होतं, ते विचारलं. त्यानं सांगितलं : तो कुंभारी गावचा, नोकरीचा पंधरावा दिवस. पहिल्या महिन्यात एक तक्रार आली की घरी. वही पाच वाजता ऑफिसात जाते.

"मग मागे घ्या म्हणा की," शिवलीला म्हणाली.

"कशाला? तुमचं बरोबर होतं."

"मग काय म्हणणार?"

"चटणी..." तो तिच्याकडं बघत राहिला. "लई भारी हाय."

पावणेपाचला ती ओल्या केसांनी टेबलाशी उभी होती. सुपरवायझरनं वही पुढं केली. तिनं 'तक्रार मागे' लिहिलं. कारणाचा रकाना मोकळा चालणार नाही, ते म्हणाले. तिनं 'गैरसमज' लिहिलं. तेवढ्यानं भागणार नाही, नीट लिहा, नाहीतर तक्रार तशीच राहील, असं त्यांनी बजावलं.

शिवलीलानं सिद्धांतकडं पाहिलं. तो चौकटीकडं बघत होता, पण कान इकडंच होते. तिनं पेन टेकवलं आणि एका दमात लिहून टाकलं.

सुपरवायझरनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'पुढच्या रविवारी मी परत येणार आहे. हाच माणूस गेटवर हवा.'" त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि शिक्का मारला.

सिद्धांतचे कान लाल झाले होते.

"रविवारी इथं लई गर्दी असती," तो हळूच म्हणाला. "मंगळवारी... माझी सुट्टी असती."

"शाळा सकाळची आहे सध्या," शिवलीला म्हणाली. "साडेअकराला सुटते."