कमलाक्कालाही तोच निरोप

"हा पण बिघडवूनच जाणार..." मी मराठीत पुटपुटले. कानडी मुलखात, कोरमंगलाच्या त्या ऑफिसात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं ना. एसीत डोकं खुपसून उभा असलेला माणूस हलला नाही. आतून फक्त आवाज आला, "नाही बिघडवत मॅडम. जरा धीर धरा की."

मी ओशाळले... पण क्षणभरच. आम्ही नागपूरचे, त्यातून संशयी घराण्यातले. कुलूप लावल्यावर ओढून बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी पायरी उतरत नाही.

त्याचं नाव चंदन. मूळ निपाणीचा, बनशंकरीत एसी दुरुस्तीचं दुकान. पुढच्याच आठवड्यात आमचा एसी पुन्हा ठिबकला आणि तो पुन्हा आला. बाहेर झिमझिम चालू होती. केसांवरचं पाणी झटकत तो पाइप बसवत राहिला, मधेमधे माझ्याकडे बघत राहिला. मी सरळ विचारलं, "पाइप मुद्दाम सैल ठेवून जाता ना तुम्ही?"

"स्वल्प," थोडासाच अशा अर्थानं तो कानडीत म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

मग मला त्याला फोन करायचा नाद लागला. संध्याकाळी त्याच्या दुकानात कुणी नसे. टेपवरचा आवाज आपल्या पेजरचा नंबर दाबायला सांगे, आणि थोड्या वेळानं माझ्या पेजरवर इंग्रजीत निरोप येई – तुमचा फोन चुकला, वाईट वाटलं. तुम्ही मनात आहात. येतोच.

बाप्पा! तेव्हा पेजरचा निरोप ऑपरेटरला तोंडी सांगावा लागायचा. परक्या बाईला असलं काही सांगायचं म्हणजे केवढी छाती पाहिजे, असं वाटून मी विरघळून गेले. दर वेळी तेच शब्द कसे, ही शंका आली. पण लाजाळू माणूस, दुसरे सुचत नसतील, अशी समजूत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो यायचाच. धडधाकट एसी तपासायचा, चहा प्यायचा आणि निघायचा.

रविवारी बाबा येणार होते, एका मुलाचा फोटो घेऊन. त्यांना नाही म्हणायचं, पण कशाच्या भरवशावर? चंदन तोंडानं एक शब्द बोलला नव्हता. जे होतं ते पेजरवर.

अशात खालच्या मजल्यावरच्या लॅबमधल्या कमलाक्का लिफ्टपाशी भेटल्या. पन्नाशीच्या, कडक बाई. त्यांचा एसीही चंदनकडेच. माणूस फार सभ्य हो, असं म्हणत त्यांनी कौतुकानं स्वतःचा पेजर माझ्यापुढे धरला. तोच निरोप. शब्दन् शब्द तोच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिक्षा करून थेट बनशंकरी गाठली.

"किती बायकांना मनात ठेवलंय तुम्ही?"

तो गोंधळला. मग सगळं ऐकून घेऊन त्यानं कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला. फोन चुकला की तो आपोआप निरोप पाठवायचा, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून. आणि ते वाक्य? ते त्याच्या वहिनीनं लिहिलेलं, ती इंग्रजीची शिक्षिका होती.

म्हणजे शब्दसुद्धा त्याचे नव्हते. मला रडूच आलं. आठवडेच्या आठवडे मी एका यंत्रावर प्रेम करत होते...

"मग एसी ठीक असताना सकाळी का यायचात?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही फोन केलाय, हे यंत्र मला सांगायचं. येऊन बघावं तर एसी थंडगार. मला पण संशय यायला लागला होता."

"कसला?"

"की तुम्ही एसीसाठी फोन करत नाही." तो फडक्याला हात पुसत राहिला – नुसते पुसतच राहिला. "मी तरी कुठं एसीसाठी येत होतो? नीलिमा... मला तुम्ही फार आवडता. हे वहिनीनं लिहिलेलं नाही."

मी त्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं. कुठं खोट सापडते का, ते शोधलं. सापडली नाही.

"रविवारी बाबा येतायत," मी म्हणाले. "ते माझ्याहून संशयी आहेत."

"मग सकाळीच येतो की. चौकशी लांबेल."

'नक्की ना?' हा प्रश्न सवयीनं ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला.

"या," मी म्हणाले. "मी बाबांना आजच सांगून ठेवते."