आ-तिंगला आणायला

स्योल्वान डोंगरात गेली ती धाकट्या भावाला घरी आणायला. त्यात जगावेगळं काही नव्हतं. तैवानात ज्यांचं माणूस डोंगरात हरवून मरतं, ते घरचे त्याचा आत्मा आणायला एकदा तरी वर जातात. कुणी महिन्याभरात, कुणी वर्षांनी. आ-तिंगला जाऊन तीन वर्षं झाली होती. मधल्या रांगेतली ती सात दिवसांची वाट तो एकटाच चालायला गेला. चौथ्या मुक्कामाच्या तळ्याकाठी त्याचा निळा तंबू तेवढा सापडला. आत अंथरूण घातलेलं, भांड्यात शिजवलेल्या शेवया. माणूस नाही. माणसं शोधून दमली, कुत्री दमली, आणि मग सगळे गप्प झाले.

लुकांग गावी, घरी म्हातारी आई मात्र गप्प होईना. तो रोज स्वप्नात येतो आणि नुसता कुडकुडतो, म्हणायची. या वर्षी तिची तब्येत फार उतरली. एक दिवस तिनं त्याचा जुना चौकडीचा शर्ट स्योल्वानच्या हातात ठेवला आणि सांगितलं, त्याला घेऊन ये, मग मी जायला मोकळी.

चव्वेचाळिशीची स्योल्वान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. दिवसभर स्टुलावर बसणारी बाई. तिनं वाटाड्या केला तो बियुंग. बुनून जमातीचा, पन्नाशीचा, गाठीगाठींच्या पोटऱ्यांचा. पहिल्याच चढावर तिची पाठपिशवी हातानं तोलून त्यानं विचारलं होतं, ताई, भावाला आणायला चाललात की त्याच्याकडे राहायला? तसा तो चर्चला जाणारा माणूस, पण प्रत्येक खिंडीत बाटलीच्या बुचात दारू घेऊन जमिनीवर ओतायचा. चर्च खाली आहे, म्हणायचा, इथे त्याच्या आधीची माणसं राहतात.

तीन दिवस चढणीत गेले. खुरट्या बांबूचं रान कमरेएवढं, सकाळी दवानं थबथबलेलं. त्यातून चाललं की छातीपर्यंत भिजायचं. स्योल्वानला चैन म्हणून नव्हती. बसली की उठावंसं वाटायचं, उठली की मागे बघावंसं. बियुंगनं बजावलं होतं की जाताना कितीही बघा, पण त्याला घेऊन उतरायला लागलात की मागे वळायचं नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी ते तळ्यावर पोचले. धुकं एवढं उतरलं होतं की पलीकडचा काठ दिसेना. तळ्यावर सांबरं येतात, त्यांना माणसाची भीती नसते. पण त्या दिवशी चिखलात खुरांचे ठसे होते नि सांबर एकही नव्हतं. तिनं उदबत्ती लावली, शर्ट दोन्ही हातांत पसरला आणि तीनदा हाक मारली.

“आ-तिंग, मी आलेय. चल, घरी जाऊ.”

मग तिनं दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार. पहिल्याच फेकीला होकार आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही. तीन वर्षांत ती आईसमोर रडली नव्हती, ती तिथे चिखलात बसून रडली. शर्टाची घडी करून तिनं पिशवीत ठेवली आणि पिशवी पाठीला मारायला गेली, तर ती उचलेना. बियुंगनं हात दिला तेव्हा कुठे ती पाठीवर चढली. दमलात ताई, तो म्हणाला, उंचीवर असं होतं.

पाचव्या दिवशी उतार लागला. शिधा संपत आला की पाठ हलकी होते, हे डोंगरात पोरंसोरंही सांगतात. तिची पिशवी मात्र जड होत चालली. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठले. पाठ गार पडली, जशी ओल्या भिंतीला टेकून बसल्यावर पडते. पण ती आनंदात होती. त्याचंच वजन ते, लहानपणी पाठकुळी घेतलं होतं त्याचं. वाटभर ती त्याच्याशी बोलत राहिली. आईचे गुडघे आता वाकत नाहीत, गल्लीतला चुनखडीचा कारखाना बंद पडला, दाराला हिरवा रंग दिलाय तेव्हा चुकून पुढे जाऊ नकोस, तुझी खोली आईनं होती तशी ठेवलीय. पूल आला की सांगायचं असतं, नाहीतर मेलेल्यांना पाणी ओलांडता येत नाही. म्हणून ओढ्यावरच्या लहानशा लाकडी साकवावरही ती हळूच म्हणायची, आ-तिंग, पूल आलाय, सांभाळून ये रे.

दुपारनंतर बियुंग पुढे झाला. आतापर्यंत तो तिच्या मागून चालत होता. का, म्हणून विचारलं तर मागून चालताना झोप येते म्हणाला. त्यानंतर त्यानं एकही थट्टा केली नाही. थांबला की तो तिच्याकडे तोंड करून बसायचा नाही.

सहाव्या दिवशी तिला तो वास आला. आधी वाटलं, आपल्याच घामाचा. पण तो घाम नव्हता. चुलीच्या धुराचा, आणि त्याखाली चहाबियांच्या तेलाचा, जे तेल आता फारसं कुणी डोक्याला लावत नाही. तिनं मफलर नाकावर ओढला. वास मफलरच्या आतच होता. शर्ट मुक्कामांच्या झोपड्यांतून धुरकटला असेल, अशी तिनं मनाची समजूत काढली. रात्र या कुशीवरून त्या कुशीवर करत तिनं काढली, आणि उजाडायच्या आत निघू या म्हणून बियुंगला उठवलं. तो जागाच होता.

सातव्या दिवशी शेवटचा पूल आला. खोल दरीवर लोखंडी दोरांना टांगलेला, शंभरएक पावलांचा. पलीकडे मोटारीची वाट, भूमिदेवाचं लहानसं देऊळ आणि बस. ऊन स्वच्छ पडलं होतं. आधी बियुंग गेला. तो पलीकडे पोचल्यावर ती चढली. पूल तिच्या पावलांना झुलत होता, आणि तिच्या प्रत्येक पावलानंतर किंचित उशिरा आणखी एकदा झुलत होता. मध्यावर आल्यावर तिनं दोरांना घट्ट धरलं आणि म्हटलं,

“आ-तिंग, हा शेवटचा पूल. सांभाळून ये रे.”

मानेजवळून, अगदी कानाखालून आवाज आला.

“हो गं... येते.”

दात पडलेल्या तोंडाचा, थकलेला, मायेचा आवाज. बाईचा.

स्योल्वानचे पाय फळीला खिळले. खाली पाणी वाहत होतं, त्याचा आवाज तिला येईनासा झाला. पलीकडच्या टोकाला बियुंगनं टोपी काढून छातीशी धरली होती. तो ओरडला नाही. बोलला तेही नेहमीच्याच आवाजात.

“ताई, थांबू नका... वळू नका. माझ्याकडे बघा आणि चालत या.”

ती कशी पोचली ते तिलाच माहीत नाही. देवळाच्या पायरीवर तिनं पिशवी टाकली आणि नाणी काढली. तू आ-तिंग आहेस का? नकार. तीनदा नकार. वरून माझ्याबरोबर आलीस का? होकार. आ-तिंगला पाहिलंस का? होकार. तो येईल का? दोन्ही नाणी सारखी पडली, आणि तिनं परत विचारलं नाही.

“तुम्हाला दिसत होतं?” तिनं बियुंगला विचारलं.

“दिसत नव्हतं,” तो म्हणाला. “ पण चिखलात तुमच्या बुटांच्या मागे अनवाणी पाय उठत होते... लहान. मी म्हटलं, तुमचा भाऊच असेल. काय बोलणार?”

आमच्या आजोबांच्या वेळी वर वस्ती होती, तो म्हणाला. मग सरकारनं सगळ्यांना खाली आणून वसवलं. ज्यांना चालवत नव्हतं ते वरच राहिले. कुणी न्यायला येईल म्हणून किती वर्षं बसले असतील. त्यानं बाटलीतली उरलेली सगळी दारू पायरीवर ओतली आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला, मोठ्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं.

स्योल्वाननं शर्ट काढून देवासमोर ठेवला. वाकून नमस्कार केला. आजी, माझ्या भावाच्या नावानं मी तुम्हाला बोलावलं, चूक माझी आहे, पण तुम्हाला मी माझ्या आईकडे नेऊ शकत नाही, इथे देवाजवळ राहा. तिनं राहाल का म्हणून नाणी टाकली. एक नाणं पायरीवरून घरंगळत गवतात गेलं आणि दोघांनी शोधूनही सापडलं नाही.

पिशवी उचलली तर हलकी. एवढी हलकी की तिचा तोल गेला. बसमध्ये ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोपली.

लुकांगला पोचायला संध्याकाळ झाली. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे ती वाटेत शंभरदा जुळवून आली होती. खोटं सांगायचं नाही, एवढं ठरलं होतं. आई स्वयंपाकघरात होती. कित्येक महिन्यांनी ती उभी राहून भात ढवळत होती, गालांवर तजेला होता.

“आई,” ती म्हणाली, “माझं ऐक जरा. आ-तिंगला मी... तो नाही आला गं.”

आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान हलवली.

“हळू बोल. दुपारीच आला तो, तुझ्या आधी. आत्ता कुठे डोळा लागलाय.” मग ओले हात कमरेच्या फडक्याला पुसत ती कौतुकानं हसली. “किती दमून आलाय. वेणीसुद्धा मीच सोडून दिली त्याची.”